आधी मे, मग सप्टेंबर

विमलताई आढाव गेल्याचं मला दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं. जोडलेल्या हातांच्या दोन चित्रांमध्ये तिचं नाव, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि लगेच त्याखाली कुणाचा तरी प्रश्न, रविवारच्या मिसळीसाठी नावं आजच द्यायची का? नोएडातल्या आमच्या बाल्कनीत मी कपडे वाळत घालत होते. हातातला ओला टॉवेल खांद्यावर टाकला आणि तिच्या मुलीला, शुभाला, फोन लावला. “मावशी, आई झोपेतच गेली. मी चहा घेऊन गेले तर...” एवढंच तिला बोलता आलं. मी होते तशी मेट्रोत बसले आणि दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेला तिच्या घरी पोचले. टॉवेल अजून खांद्यावरच आहे, हे तिथं शुभानं तो काढून घेतला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्याला आता काही आठवडे झाले. दिवस जातात तसं दुःख निवळतं, असं म्हणतात. माझं निवळलं की नाही ते मला सांगता येणार नाही. राग मात्र रोज नव्यानं उकळतो आहे, आणि हे मी त्या रागातच लिहिते आहे. ‘काही हृद्य आठवणी लिहा’ असं पुरवणीच्या संपादकांनी कळवलं होतं. हृद्य जमेल तेवढं लिहीन, पण आधी शोकसभेचं सांगते. मंडळाच्या हॉलमध्ये टेबलावर विमलताईचा हार घातलेला फोटो होता, आणि फोटोच्या मागे, सगळ्यांना दिसेल असं, काचेच्या दारांचं नवं कपाट. मंडळाचे अध्यक्ष निंबाळकरसाहेब, सरकारातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “विमलताईंनी आपलं वाचनालय फुलवलं. त्यांनी निवडलेली पुस्तकं हा आपला ठेवा आहे.” मी तिसऱ्या रांगेत होते. तो ठेवा ज्यांच्या सहीनं रद्दीत गेला, तेच गृहस्थ रुमालानं डोळे टिपत होते. वरून कीर्तन, आतून तमाशा! शेजारच्या बाईंनी माझा हात दाबून धरला नसता तर मी तिथंच बोलले असते. बरं झालं धरला. तिथं दोन मिनिटं मिळाली असती, इथं पान मिळालं आहे.

विमलताई मूळची नगर जिल्ह्यातली. ख्रिस्ती घरातली, पण अभंगाच्या चालीवर प्रार्थनेची गाणी म्हणणाऱ्या घरातली. रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही एकाच जिन्यावर राहायचो, ती वर, मी खाली. ती एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होती, मी दुसऱ्या मंत्रालयात स्टेनो. दिवाळीत माझा चिवडा वर जायचा आणि नाताळात तिच्या करंज्या खाली यायच्या, आणि खरं सांगायचं तर तिच्या करंज्या माझ्यापेक्षा खुसखुशीत असायच्या. मराठी तर तिचं आम्हा सगळ्यांपेक्षा चोख. माझी मुलं परात, पातेलं, सांडशी सगळ्यालाच ‘बर्तन’ म्हणायला लागली, तेव्हा तिनं त्यांना आपल्या स्वयंपाकघरात बसवून एकेक भांडं हातात दिलं होतं. ओरडली नाही. ती कधीच ओरडायची नाही. ऑफिसातल्या फाइलींबद्दल मात्र ती भयंकर संशयी होती. “सुनंदे,” ती मला म्हणायची, “ज्या फाइलीत सगळे कागद एकाच सुरात बोलतात ना, ती फाइल मी परत पाठवते. कुणीतरी एक कागद काढून ठेवलेला असतो.” तेव्हा मला ती ऑफिसची गोष्ट वाटली होती. पुढं तिनं पुस्तकंही तशीच वाचली.

मंडळाचं वाचनालय म्हणजे हॉलमागची, स्वयंपाकघराला लागून असलेली खोली. पुस्तकं म्हणजे बदली होऊन जाताना लोकांनी टाकलेली पाककृतींची, मुखपृष्ठ हरवलेले दिवाळी अंक, आणि आरोग्याच्या पुस्तकांचा ढीग. एका वर्षी कमिटीनं ठरवलं की दिल्लीत वाढणाऱ्या आपल्या मुलांना देशाच्या स्वातंत्र्यलढ्याची माहिती हवी, तेव्हा हॉलच्या भिंतीवर एक फळी त्या पुस्तकांची करू या. ठराव एकमतानं झाला. पुस्तकं कोण आणणार, यावर सगळे छताकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, “दर्यागंजातून कुठलीही आठ-दहा उचला, सगळी सारखीच असतात.” विमलताई कोपऱ्यात चहाचे कप गोळा करत होती. कप खाली ठेवून ती म्हणाली, “सारखी कशी असतील? मी आणते.” उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना तेवढंच हवं होतं. फळी तिच्या गळ्यात पडली आणि पुढची कितीतरी वर्षं तिनं ती गळ्यातल्या दागिन्यासारखी सांभाळली.

रविवारी सकाळी दर्यागंजच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरायचा. तो आता तिथून हलवला आहे, पण तेव्हा लांबच लांब फुटपाथभर पुस्तकांचे ढीग असायचे. विमलताई तिथं घडीचं स्टूल घेऊन जायची. खाकी कापडाचं, लोखंडी पायांचं, छावणीत राहणाऱ्या एका सुभेदाराच्या बायकोनं बदलीच्या वेळी दिलेलं. लोक उभ्याउभ्या पुस्तक उलटंपालटं करून भाव करत. ही ढिगासमोर स्टूल उघडून बसायची, चष्मा बदलायची आणि चक्क वाचायला लागायची. पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दुकानदार जाड पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक पुढं करून म्हणाला, “मैडम, ये ले जाइए. पूरा अट्ठारह सौ सत्तावन है इसमें.”

“मई है?” तिनं विचारलं.

“जी?”

“मई का महीना है इसमें?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बाई ठीक आहेत ना, असा त्या बघण्याचा अर्थ होता. मग विक्रेत्याचा धर्म आठवून म्हणाला, “बिल्कुल है मैडम, गारंटी.” विमलताईनं पुस्तक मांडीवर घेतलं, अनुक्रमणिका पाहिली, मधलं एक पान काढलं, वाचलं आणि मिटून परत दिलं. “नहीं है, भैया.” मग दुसरं. त्यात मे होता. मग तिनं आणखी पुढचं पान काढलं आणि तेही मिटलं. “यात सप्टेंबर नाही गं,” ती मला म्हणाली. अशी कितीतरी पुस्तकं तिनं त्या दिवशी परत ठेवली. आम्ही एकच पुस्तक घेऊन घरी आलो, आणि वाटेत मी तिला म्हटलं, की यापुढं तू एकटीच येत जा बाई.

पण पुढच्या वेळी मी परत गेले, कारण ती मला बाजारानंतर काहीतरी दाखवणार होती. थंडीचे दिवस होते, छान ऊन पडलं होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका बंद दुकानाच्या पायरीपाशी ती थांबली. म्हणाली, “मेरठहून शिपाई आले ना, त्या मे महिन्यात, तेव्हा याच भागात देशी ख्रिस्ती लोक राहायचे. गोरे नव्हेत. आपल्यासारखेच, काळेसावळे, इथलेच. त्यांना घरांतून ओढून काढून मारलं. मग किल्ल्यात धरून ठेवलेल्या बायकामुलांनाही मारलं.” मला हे माहीत नव्हतं. शाळेत आम्हाला सत्तावन साल म्हणजे काडतुसं, चपात्या आणि एकदम राणी असं शिकवलं होतं. मग ती मला तिथून जवळच कूचा चेलां नावाच्या जुन्या मोहल्ल्यात घेऊन गेली. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, वर तारांचं जाळं, एक म्हातारे गृहस्थ उन्हात पाठ करून पेपर वाचत होते. “आणि सप्टेंबरात इंग्रजांनी शहर परत घेतलं, तेव्हा या गल्लीतल्या पुरुषांना धरून नदीकाठी नेलं आणि गोळ्या घातल्या. ज्यांचा लढाईशी काही संबंध नव्हता त्यांनाही. घरंच्या घरं रिकामी झाली.” मग आलो त्या वाटेकडे बोट दाखवून ती म्हणाली, “अंतर बघ किती आहे दोन जागांत. चपलेचा अंगठा तुटला तरी अनवाणी जाता येईल. आणि पुस्तकं लिहिणाऱ्यांना ते चालवत नाही.”

मी न राहवून विचारलं, “विमलताई, तुला राग नाही येत? तुझ्या लोकांना मारलं त्यांनी.”

“येतो ना. मे वाचला की येतो. पण मग मी सप्टेंबर वाचते...” ती वाक्य पुरं न करता चालायला लागली. बसस्टॉपवर स्टूल उघडून त्यावर मला बसवलं, स्वतः उभी राहिली आणि म्हणाली, “ज्या पुस्तकात नुसता मे आहे ते साहेबाची बाजू घेऊन लिहिलेलं. ज्यात नुसता सप्टेंबर आहे ते आपली पाठ थोपटायला लिहिलेलं. दोन्ही असतील तर मधल्या महिन्यांवरही विश्वास ठेवायला हरकत नाही. आधी मे बघायचा, मग सप्टेंबर. मग किंमत विचारायची.”

पुढं ती फळी वाढली. सत्तावनच्या पुस्तकांशेजारी नंतरच्या लढ्याची आली, तुरुंगांची, संपांची, फाळणीची आली. प्रत्येक पुस्तकात विमलताई त्याचा मे शोधायची, म्हणजे लिहिणाऱ्याला जिथं बोचतं ते पान. ते पान लेखकानं टाळलं असेल तर पुस्तक कितीही नावाजलेलं असो, ती घ्यायची नाही. ‘याबद्दल खात्रीनं सांगता येत नाही’ असं वाक्य कुठं सापडलं, की तिचा चेहरा फुलायचा. “हा माणूस कागद बघून लिहितोय,” म्हणायची. फळीवर पाटी काय लावायची यावर वाद झाला, तोही सांगायला हवा. एका जुन्या सभासदांना ‘बंड’ हा शब्द हवा होता, कारण त्यांच्या लहानपणी तसं म्हणायचे. विमलताईनं ‘स्वातंत्र्ययुद्ध’ लिहिलं. “कुणी बादशहासाठी लढलं, कुणी धर्मासाठी, कुणी थकलेल्या पगारासाठी. असू दे. परक्याला हाकलायला लढले ना? मग ते युद्धच.” हे तिनं, आढावांच्या विमलनं, म्हटलं होतं. पुढं तिच्यावर जे बोट दाखवलं गेलं ते वाचताना वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं.

दर जानेवारीत आमच्या मंडळाची बस पानिपतला जाते, काला अंब इथल्या लढाईच्या स्मारकाला. दिल्लीतल्या मराठी माणसाचं हे एक व्रतच आहे. पहाटे बस निघते, मुरथलच्या आसपास पराठ्यांसाठी थांबते, आणि तिथून पुढं स्मारक येईपर्यंत बसमध्ये एकच विषय असतो, चूक कुणाची? इतकी बायकामाणसं आणि यात्रेकरू बरोबर घ्यायला कुणी सांगितलं होतं? रसद का तुटली? कोण ऐन वेळी निघून गेलं? निंबाळकरसाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा. आपल्याच सेनापतीला ते इतकं फैलावर घेत, की वाटावं, तेव्हा यांना विचारलं असतं तर अब्दाली काबूललाच राहिला असता. स्मारकापाशी गेलं की सगळ्यांचे डोळे भरून येत, निंबाळकरसाहेबांचेही. ते डोळे खोटे नव्हते, हे मी रागातही मान्य करते. परतताना पुन्हा वाद, पुन्हा चुका. विमलताई खिडकीशी बसून ऐकत असायची आणि मध्येच हळूच एखादी तारीख दुरुस्त करायची.

एका पंधरा ऑगस्टला मंडळात मुलांची भाषणं होती. मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना असलेले एक मराठी उद्योजक पाहुणे होते. निंबाळकरसाहेबांची नात भाषणाला उभी राहिली. आठवी-नववीतली असेल. तिनं विमलताईच्या फळीवरचं पुस्तक नेऊन भाषण तयार केलं होतं, स्वतःच. फार छान बोलली ती. शिपाई कसे लढले, शहर कसं लढलं, आणि मग म्हणाली, “आपल्या लोकांनीही निरपराध माणसांना मारलं. मग इंग्रजांनी त्याहून जास्त मारलं. दोन्ही खरं आहे. आणि तरी ते लढले म्हणून आज आपण इथे आहोत.” मी टाळ्या वाजवल्या. विमलताईनं वाजवल्या. बाकी हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मुलगी तशीच स्टेजवर उभी राहिली, आपलं काय चुकलं ते शोधत, आणि तिचे आजोबा जमिनीकडे बघत होते. ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

लगेच कमिटीची बैठक लागली. निंबाळकरसाहेब गोड आवाजात म्हणाले, “देखिए विमलताई, म्हणजे बघा, मुलांच्या लेव्हलला हे सूट होत नाही. त्यांना इन्स्पिरेशन हवं.” मग कुणीतरी, नाव घेत नाही, पण आवाज मला पक्का आठवतो, मागून म्हणालं, “विमलताईंचं आपण समजू शकतो हो. शेवटी त्यांचा समाज...” आणि वाक्य सोडून दिलं. सोडलेलं वाक्य पकडता येत नाही, म्हणून लोक ते सोडतात. विमलताई उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “पुरं करा ना वाक्य. माझ्या समाजाच्या लोकांना त्यांनी मारलं, हेच ना? मारलं. ते वाचूनसुद्धा मी त्या फळीवर ‘स्वातंत्र्ययुद्ध’ लिहिलंय, माझ्या हातानं. मला ते लिहायला किंमत पडली. तुम्हाला म्हणायला काय लागतं? तुम्ही मे वाचलेलाच नाही.” मग ती निंबाळकरसाहेबांकडे वळली. “आणि साहेब, पानिपतच्या बसमध्ये जाताना-येताना आपण आपल्याच माणसांच्या चुका मोजतो. त्यानं कधी आपला अभिमान कमी झाला? उलट तिथं गेल्यावर रडू येतं. मग हेच पुस्तक इतकं का बोचतं?”

निंबाळकरसाहेब म्हणाले, “अरे, तुम्ही मनाला लावून घेताय. चलो, चहा घेऊ या.” आणि खरोखरच सगळे चहा घ्यायला उठले.

पुढच्याच वर्षी विमलताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मंडळाच्या पायऱ्या तिला बंद झाल्या. ती घरात काठी घेऊन चालायला शिकत होती, तेव्हा मंडळात काचेचं कपाट आलं. मानेसरच्या पाहुण्यांनी दिलं, चांगल्या मनानंच दिलं असणार, आणि त्यात स्वातंत्र्यलढ्यावरच्या चकचकीत ग्रंथांचा एक संच. कपाटाला जागा हवी म्हणून जुनी फळी काढली. फळीवरची पुस्तकं कबाडीवाल्याला दिली. मला हे कळलं तोवर ती गेलीही होती. मी विचारलं तर सांगितलं, “धूळ फार होती, बाइंडिंग सुटलं होतं. मुलांना अ‍ॅलर्जी होते.” इतकी वर्षं रविवार घालवून, उन्हात बसून, एकेक पान वाचून निवडलेली ती पुस्तकं, आणि यांनी ती तराजूवर घातली! कुणी एकानं उघडून पाहिलं असतं... पण उघडून पाहण्याची सवय असती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

विमलताईला हे मीच सांगितलं. तिला पायऱ्या चढता यायला लागल्यावर ती माझा हात धरून मंडळात आली. कपाटाला कुलूप होतं, ग्रंथ महागाचे म्हणून, आणि किल्ली निंबाळकरसाहेबांकडे. ती मागवली. मी स्टूल उघडून दिलं. तिनं मांडीवर तो जड ग्रंथ घेतला, चष्मा बदलला, पान काढलं. मे महिन्याला एक ओळ होती, दिल्ली स्वतंत्र झाली. सप्टेंबरला एक ओळ होती, दुर्दैवानं दिल्ली पडली. मध्ये पानभर रंगीत चित्र, दोन पायांवर उभा राहिलेला घोडा. तिनं ते चित्र बराच वेळ पाहिलं. “घोडा छान काढलाय,” ती म्हणाली, आणि ग्रंथ परत दिला. कपाटाला परत कुलूप लागलं.

आणि आता जे लिहिते ते लिहिताना मला विमलताईचाही राग येतो आहे. ती भांडली नाही. आयुष्यभर फाइली चालवलेली बाई, तिचा विश्वास ठरावावर. मंडळानं जुन्या पुस्तकांची एक फळी पुन्हा सुरू करावी, ती पुस्तकं मी स्वतः पुन्हा शोधून आणीन, असा तिनं रीतसर विषय दिला. प्रत्येक बैठकीत तो विषयपत्रिकेत सगळ्यांत शेवटी असायचा. आधी गणपती, मग कोजागरी, मग बसचं भाडं, मग वडे गरम आहेत तोवर खाऊन घ्या. “वेळ झाला, पुढच्या वेळी पाहू,” निंबाळकरसाहेब म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी! मी तिला म्हणायचे, “विमलताई, एकदा टेबलावर हात आपट. ओरड की!” ती म्हणायची, “ओरडून पुस्तक परत येत नाही गं, ठरावानं येतं.” घरी येऊन पुन्हा पुढच्या बैठकीची वाट बघायची. मागच्या हिवाळ्यात तिला दम लागायला लागला होता तरी ती बैठकीला आली, मफलर गुंडाळून, खिशात गोळ्या घेऊन. त्याही वेळी वेळ झाला होता.

शोकसभेनंतर जी बैठक झाली, तिथं मागच्या विषयांचा आढावा वाचताना एक वाक्य वाचलं गेलं. अर्जदार हयात नसल्यानं सदर विषय निकाली काढण्यात येत आहे. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तिचा फोटो अजून त्या टेबलावर होता, हार सुकायचा होता. मी उठले, फोटो उचलला आणि पिशवीत घातला. निंबाळकरसाहेब म्हणाले, “सुनंदाबाई, अहो, तो आपण कपाटावर लावणार आहोत.” मी म्हटलं, “ज्या कपाटात मे नाही आणि सप्टेंबर नाही, त्यावर तिला टांगू देणार नाही मी.” आणि निघाले. मागे कुणीतरी ‘चालायचंच’ म्हणालं. नाही चालायचं! असं चालवून चालवूनच तर सगळं इथवर आलं.

याहून जास्त राग यायला जागा उरली नाही असं मला वाटलं होतं. मग शुभाला मंडळातून फोन आला. वाचनालयाचं एक पुस्तक तुमच्या आईंच्या नावावर दिसतं आहे, कृपया परत करावं. खरंच होतं. ऑपरेशनच्या आधी विमलताईनं पडल्यापडल्या पुन्हा वाचायला फळीवरचं एक पुस्तक घरी आणलं होतं, त्या पहिल्या दिवशी आम्ही दर्यागंजातून आणलेलं तेच. ते घरी होतं म्हणून रद्दीतून वाचलं. सबंध फळी कबाडीवाल्याला देणाऱ्यांना आता हे एक परत हवं होतं, हिशेब चुकता व्हावा म्हणून. शुभा एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात ते खाकी स्टूल घेऊन नोएडाला माझ्या दारात उभी राहिली. “मावशी, तुम्ही काय ते बघा. आईसारखं मलाही भांडता येत नाही.”

मला येतं. मी निंबाळकरसाहेबांना फोन केला.

“सुनंदाबाई, नियम म्हणजे नियम,” ते म्हणाले. “पुस्तक मंडळाचं आहे.”

“बिल्कुल,” मी म्हटलं. “परत देते. पण तुम्ही स्वतः यायचं. माझ्याकडे विमलताईचं स्टूल आहे, त्यावर बसायचं आणि माझ्यासमोर वाचायचं. आधी मे, मग सप्टेंबर. मोठ्यानं, तुमची नात बोलली तसं. वाचून झालं की चहा घ्या आणि पुस्तक घेऊन जा.”

मग ते म्हणाले, “पाहू.”

पुस्तक माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. स्टूल त्याच्यासमोर उघडून ठेवलं आहे, मधल्या वाटेत. घरातले अडखळतात. कामाला येणारी बाई रोज सकाळी केर काढताना ते मिटून भिंतीला लावते, आणि ती गेली की मी ते पुन्हा उघडते.